सरवा

आमच्या शाळेला मोठ्या सुट्ट्या दोनच. एक उन्हाळ्याची आणि एक दिवाळीची. उन्हाळ्याच्या सुट्टीत रानात काम नसायचं, विहिरीत पाणी नसायचं आणि गावची जत्रा सोडली तर बघण्यासारखंही काही नसायचं. दिवाळीच्या सुट्टीचं तसं नव्हतं. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून पोरं घरी यायची तेव्हा सगळं रान कामाची वाट बघत असायचं. बाजरीची कणसं खुडून झालेली, पण सरमाड बांधायचं राहिलेलं. भुईमूग उपटायला आलेला. शाळू गुडघ्याला लागलेला, त्यात कोळपी चाललेली. गुरुजी रोज एक पान शुद्धलेखन नि तीसपर्यंतचे पाढे लिहायला सांगायचे. ते आम्ही सुट्टीच्या शेवटच्या रविवारी कंदिलापुढं बसून एका दमात लिहायचो. सगळ्या गावातली पोरं तसंच करायची आणि गुरुजींनाही ते ठाऊक होतं.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. सातारा जिल्हा म्हटला की लोकांना कृष्णाकाठचा ऊस आणि कोयनेचं धरण आठवतं. आमचा भाग त्याच्या पूर्वेचा, माणला लागून. इकडं पाऊस येता येता दमतो. रान मुरमाड, विहिरी खोल, आणि पिकलं तर बाजरी, मटकी, भुईमूग. म्हणून घरटी एक माणूस मुंबईला असायचा. आमच्या घरचे आण्णा, म्हणजे माझे वडील, परळच्या एका मिलमध्ये साच्यावर होते. साचा म्हणजे माग, पण मिलमधली माणसं त्याला साचाच म्हणायची. आमच्या गावच्या लोकांचा लालबागला एक गाळा होता. त्या एका खोलीत वीसेक माणसं पाळीपाळीनं झोपायची. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच्या वळकटीवर अंग टाकायचा. ट्रंका भिंतीला लावलेल्या, जेवण खानावळीत, आणि महिन्याच्या दहा-बारा तारखेला गावाकडं मनीऑर्डर.

आम्ही तीन भाऊ. दादा थोरला, तेव्हा सातवीत. मी पाचवीत. बारक्या नुकताच पहिलीत बसलेला. बहीण नाही. त्यामुळं आईच्या हाताखाली जी कामं दुसऱ्या घरात पोरी करायच्या, ती आमच्याकडं पोरांवर पडायची. दादा भाकरी सोडून सगळा स्वयंपाक करायचा. शेणकाला करून अंगण सारवणं माझ्याकडं. बारक्याकडं कोंबड्या कोंडणं आणि आजीला हाताला धरून परसाकडं नेणं. पोरगी नसलेल्या घरातली पोरं म्हणून आळीतल्या बाया आमची थट्टा करायच्या. दादाला त्याची लाज वाटायची. तो अंगणात झाडलोट करताना आधी रस्त्यावर कोण नाही ते बघून घ्यायचा.

आण्णा वर्षातनं दोनदा यायचे, जत्रेला आणि दिवाळीला. दिवाळीला यायचे तेव्हा आम्ही एसटीच्या थांब्यावर दुपारपासूनच उभे असायचो. टपावरनं हिरवी ट्रंक खाली यायची. तिच्यात तिघांना कापडं, टिकल्यांची बंदूक, नागगोळ्या, आईला लुगडं आणि कागदी पुड्यात बांधलेली मिठाई. आण्णा घरात आले की पाहुणा आल्यासारखं व्हायचं. त्यांना पाटावर बसवायचं, तांब्याभर पाणी द्यायचं, त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलायचं नाही. आईसुद्धा पदर नीट करून बोलायची. आठ-दहा दिवसांनी ते परत जायचे. तोवर बारक्याची त्यांच्याशी जरा कुठं ओळख झालेली असायची.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे पुढारी. साठच्या वर गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. बोनस आणि पगारवाढ ही मागणी होती. पहिले दोन-तीन महिने सगळ्यांना वाटत होतं की आज मिटेल, उद्या मिटेल. आण्णा गाळ्यातच राहिले. गाळ्यातल्या माणसांची चूल पेटावी म्हणून गावागावांतनं धान्य गेलं. आमच्या गावानंही वर्गणीनं बाजरीची पोती एसटीच्या टपावर चढवली. एरवी मुंबईहून गावाकडं पैसा यायचा. त्या वर्षी गावाकडून मुंबईला बाजरी गेली.

चैत्रात जत्रेला आण्णा आले आणि परत गेलेच नाहीत. ट्रंक माळ्यावर गेली. मनीऑर्डरी बंद झाल्या. पोस्टमन आमच्या दारावरनं जाताना सायकलची घंटी वाजवायचा नाही, मान खाली घालून पुढं व्हायचा. आई रोजगार हमीच्या कामावर जायला लागली. गावाच्या वरच्या अंगाला नालाबांधाचं काम निघालं होतं. पाटीत मुरूम भरायचा आणि भरावावर नेऊन टाकायचा. आण्णाही काही दिवस गेले. पण त्यांचं शरीर उन्हातलं राहिलं नव्हतं. सतरा वर्षं छपराखाली, दमट हवेत, साच्यांच्या खडखडाटात काढलेली. मुरमानं तळहात फुटले. शिवाय त्यांना ऐकायला कमी यायचं. मुकादम लांबनं हाक मारायचा आणि हे आपले तसेच चालायचे. मग ते घरची दोन एकर जिराईत बघू लागले.

त्या वर्षी अधिक आश्विन आला होता. तेरा महिन्यांचं वर्ष, त्यामुळं दिवाळी पार नोव्हेंबरच्या मध्यावर गेली. अधिकात लेकी-जावयांना धोंड्याचं जेवण करायचं असतं. आमची आत्ती, आण्णांची धाकटी बहीण, पुसेगावच्या पलीकडं दिलेली. तिला आणि तिच्या मालकांना काही आमच्याकडनं बोलावणं गेलं नाही. आजी महिनाभर तेच घोळत बसायची. “जावई काय म्हनंल? काय म्हनंल जावई?” आण्णांना ते ऐकू जायचं की नाही कोण जाणे. ते दावं वळत बसलेले असायचे.

सुट्टी लागली आणि घरात चार पुरुष झाले. आई पहाटे उठून भाकरी थापायची आणि दिवस उगवायला कामावर जायची. मागं आजी, आम्ही तिघं आणि आण्णा. आम्हाला वडिलांची सवय नव्हती आणि वडिलांना आमची. दादा एखादं काम करायला लागला की आण्णा म्हणायचे, “ठेव, मी करतो.” आणि आण्णा करायला लागले की ते काम होईना. म्हशीची धार काढायला बसले तर म्हशीनं लाथ झाडून चरवी पाडली. बारक्या सगळ्यांसमोर बोलला, “आण्णा, तुमी पावनं हाय का? आमाला येतंय की सगळं.” दादानं त्याला डोळे वटारले. आण्णा मात्र हसले. जमिनीवरचं दूध मांजर चाटत होतं, तिकडं बघून म्हणाले, “हिला तरी दिवाळी झाली.”

दिवाळीला तेल पाहिजे होतं. कापडं नाही आली तरी चालतील, फटाके नाही वाजले तरी चालतील, पण कढई चढली नाही तर ती दिवाळी कसली, असं आजीचं म्हणणं. रेशनवर मिळायचं ते तेल फोडणीला पुरायचं नाही. दुकानदाराची उधारी आधीच वर गेलेली. मग दादानं ठरवलं, सरवा वेचायचा.

ज्यांनी भुईमूग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भुईमुगाचा वेल उपटला की सगळ्या शेंगा त्याच्याबरोबर वर येत नाहीत. जमीन वाळलेली असली की देठं तुटतात आणि काही शेंगा मातीतच राहतात. वेल उपटून झाल्यावर बाया वाट्यानं शेंगा तोडतात, म्हणजे तोडलेल्या शेंगांतला ठरलेला हिस्सा त्यांचा. त्यानंतर मालक आपली माणसं घालून रानात राहिलेल्या शेंगा एकदा वेचून घेतो. त्याच्याही मागं जे राहतं तो सरवा. तो कुणीही वेचावा. पण त्याचाही रिवाज असतो. मालकानं “मोकळं हाय” म्हटल्याशिवाय रानात पाय टाकायचा नाही. आणि एकानं धरलेल्या सरीत दुसऱ्यानं शिरायचं नाही. या गोष्टी कुठं लिहिलेल्या नव्हत्या, पण त्यावरनं पोरांची डोकी फुटलेली मी बघितली आहेत.

सरवा म्हणजे पोरांचं आणि म्हाताऱ्या बायांचं काम. सकाळी थंडी असायची. ढेकळांवर दव असायचं आणि माती बोटांना चिकटायची. आम्ही तिघं एकेक खुरपं आणि खांद्याला शिवलेली झोळी घेऊन जायचो. कुळव फिरवलेल्या रानात काम सोपं. कुळवाच्या फाशीनं खालच्या शेंगा वर येतात आणि उन्हात पांढऱ्या दिसतात. पण तिथं साळुंक्या नि कावळे आपल्या आधी येऊन बसलेले असतात. न कुळवलेल्या रानात जिथं वेल होता त्याच्या भोवती हातभर उकरायचं. चार ठिकाणी उकरलं की एक शेंग. मऊ लागली तर पोचट. कधी कोंब आलेली सापडायची. ती गोड लागायची, तिथंच खाऊन टाकायची. बारक्या झोळीत कमी आणि तोंडात जास्त घालायचा.

खरा माल उंदराच्या बिळात. उंदीर शेंगा ओढून नेऊन बिळाच्या आत एका पोकळीत रचून ठेवतो. दादाला बिळं ओळखता यायची. तोंडाशी ताजी माती असली आणि शेंगाची टरफलं दिसली की तिथं खणायचं. एका बिळातनं कधीकधी झोळी भरायची. आजीला ते पटायचं नाही. “त्याचं बी पोट हाय,” म्हणायची. दादा म्हणायचा, “निम्मं ठिवलं गं आजी.” ठेवत नव्हता. पण त्या वर्षी एका बिळात खरंच मूठभर परत टाकताना मी त्याला बघितलं.

चार दिवस आण्णा बांधावरनं आमच्याकडं बघत होते. आमच्या रानाच्या पलीकडंच ज्यांचं रान मोकळं झालं होतं ते भावकीतले. त्यांच्या वावरात आण्णांनी पोरांबरोबर सरवा वेचायचा म्हणजे गावभर झालं असतं. मुंबईला असताना याच भावकीतली माणसं आण्णांकडं पोरांना मिलमध्ये चिकटवा म्हणून यायची. पाचव्या दिवशी आण्णा आले. डोक्याला टॉवेल बांधलेला, हातात खुरपं. काही बोलले नाहीत. माझ्या शेजारच्या सरीत उकिडवे बसले आणि उकरायला लागले.

त्यांचे हात बघण्यासारखे होते. आमच्यासारखं ते भसाभसा उकरत नव्हते. माती दोन बोटांत घेऊन चाळल्यासारखी सोडायचे आणि शेंग अलगद उचलायचे. दुपारपर्यंत त्यांची झोळी आमच्या तिघांच्या मिळून जेवढी झाली त्याच्यापेक्षा जड झाली. दादानं विचारलं, “आण्णा, तुमाला कसं काय दिसतंय?” ते म्हणाले, “दिसत न्हाई. बोटाला कळतंय. साच्यावर दोरा तुटला तर डोळ्याआधी बोटाला कळाय लागतं.” मग त्यांनी झोळीचा एक सुटलेला दोरा तोडला, त्याचे दोन तुकडे केले आणि आमच्यापुढं धरून त्यांची गाठ मारली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाठ झालेली. ओढून बघितलं तर सुटेना. बारक्यानं पुन्हा करायला लावली, आणि पुन्हा, आणि पुन्हा. भाकरी खायची राहिली बाजूला. साच्यावर दिवसात किती वेळा ही गाठ मारावी लागते असं मी विचारलं. आण्णा म्हणाले, “मोजत न्हाईत ते.” त्या दिवसापर्यंत आण्णा मुंबईला काय करतात हे आम्हाला माहीत होतं ते नुसतं नावानं. काम कसं असतं ते त्या वावरात कळलं.

संध्याकाळी घरी येताना भावकीतले काका बांधावर भेटले. “काय आण्णा, सरवा?” त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा होता की नाही ते आजही मला सांगता येणार नाही. आण्णा म्हणाले, “व्हय. पोरं शिकवायल्यात.” आणि पुढं चालायला लागले.

आठ-नऊ दिवसांत अर्ध्या पोत्याच्या वर शेंगा झाल्या. त्या अंगणात वाळवल्या. रात्री जेवणं झाली की सगळे फोडायला बसायचे. आई दिवसभर मुरूम वाहून आलेली, पण तीही बसायची. शेंगा फोडताना बोलणं चालायचं. आण्णांच्या तोंडून लालबागच्या गोष्टी निघायच्या. पहाटेचे भोंगे, प्रत्येक मिलचा भोंगा वेगळा आणि झोपेतही आपला कुठला ते कळायचं. चाळीतले आकाशकंदील. बारक्याला आकाशकंदील ठाऊक नव्हता. आमच्या गावात तेव्हा दारात पणत्या लावायचे, कंदील टांगायची पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी आण्णांनी बांबूच्या कामट्या तासल्या, त्यांचा सांगाडा केला आणि कामटी जिथं कामटीला भेटते तिथं तीच गाठ मारली. दुकानातनं दोन रंगीत पतंगी कागद आणले, खळ केली. त्यात लावायला पणती. रात्री तो दाराच्या तुळईला टांगला तेव्हा आळीतली पोरं गोळा झाली. दिवाळी संपेपर्यंत आण्णांनी आळीतल्या सहा घरांना कंदील करून दिले. लोक कागद आणायचे, आण्णा कामट्या बांधायचे. त्याचे पैसे काही घेतले नाहीत. एका घरानं पायलीभर मटकी आणून दिली ती मात्र आईनं ठेवून घेतली.

दाणे घेऊन दादा आणि आण्णा घाण्यावर गेले. अडीच किलो दाण्यांना जेमतेम किलोभर तेल निघतं. पेंड घाणेवाल्याला ठेवली, ती त्याची घाणावळ. तेलाचा डबा दादानं डोक्यावरनं आणला. दोन्ही हातांनी धरून, खाली कुठं न टेकवता, तीन मैल. राहिलेल्या शेंगा बाजारात विकल्या. बावीस रुपये आले. ते आईनं दादाच्या हातात दिले. “तुझं हायती. वह्या घे.” पुढच्या वर्षी दादाला आठवीला तीन मैलांवरच्या हायस्कुलात जायचं होतं.

जायचं होतं खरं, पण त्याच आठवड्यात आमच्या ओळखीतले एकजण घरी आले. ते मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत पोरं लावून द्यायचे. दोन वेळचं जेवण, राहायला जागा आणि महिन्याला पगार घरी. संपामुळं त्या वर्षी अशी पोरं पुष्कळ घरांतनं मिळत होती. ते ओसरीवर बसले, दादाकडं खालवर बघितलं आणि म्हणाले, “चांगला थोराड हाय की. दिवाळी झाली की नेतो.” आई चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही, पण तिच्या हातातली भाकरी थापायची थांबली. दादा दारात उभा होता. आजी म्हणाली, “पोराला खायला तरी मिळंल पोटभर.” ती काही वाईट मनानं बोलली नव्हती. तिनं १९७२ सालचा दुष्काळ काढलेला. पोट भरणं ही तिच्या लेखी लहान गोष्ट नव्हती.

आण्णांनी चहा संपवला. कपबशी खाली ठेवली. म्हणाले, “त्याची शाळा उघडतीया दिवाळीनंतर.” पाहुणे म्हणाले, “आवो पर आता तुमची परिस्थिती...” आण्णांना ऐकायला आलं नसावं, नाहीतर आलं असावं. ते परत म्हणाले, “शाळा उघडतीया त्याची.” पाहुणे उठले. आईनं भाकर तव्यावर टाकली. पुढं घरात कुणी तो विषय काढला नाही. आळीतली दोन पोरं मात्र त्यांच्याबरोबर गेली. त्यातला एक माझ्याच वर्गातला होता. शाळा उघडली तेव्हा त्याची पाटी त्याच्या धाकट्या बहिणीच्या हातात दिसली.

वसुबारशीपासून अंगणात शेणाच्या गवळणी घालायच्या असतात. बहीण नसल्यानं त्या मी घालायचो. त्या वर्षी आण्णांनी शेणाचा एक साचा घातला, काड्या टोचून, दोरे लावून. आजी म्हणाली, “हे काय इपरीत?” आई म्हणाली, “असू द्या. त्येची बी पूजा व्हावी.” आम्ही तिघांनी उकिरड्याच्या कडेला किल्ला केला. त्यावर मोहरी पेरली. ती पाडव्यापर्यंत बोटभर उगवली. पहिल्या अंघोळीला साबण नव्हता, उटणं घरचंच. दारात पायाखाली चिराट फोडलं. नवी कापडं नव्हती. आईनं जुनी सोडा घालून धुतली होती आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. कढई चढली. गुळाच्या कापण्या, शेव आणि दाण्याच्या कुटाचे लाडू. कढईतल्या तेलाचा वास घरभर पसरला तेव्हा बारक्या म्हणाला, “ह्यो आपल्या सरव्याचा वास.” आणि त्या दिवशी त्यानं कुणी आलं की प्रत्येकाला तेच सांगितलं. आई त्याला गप्प करत होती. आण्णा म्हणाले, “सांगू दे.”

भाऊबीजेला आत्ती आली. तिच्याबरोबर तिचे मालक नव्हते. धोंड्याचं बोलावणं नव्हतं म्हणून ते रुसले असतील असं आजी म्हणाली. आत्ती म्हणाली, “म्हस याली म्हणून ऱ्हायलं.” तिनं येताना पिशवीत शेरभर घेवडा आणि चार अनारसे आणले होते. भावाकडं येताना बहिणीनं काही आणायची रीत नाही. पण तिलाही खबर होतीच.

ओवाळायची तयारी झाली. पाट मांडला, ताटात निरांजन, सुपारी. आण्णा परड्यात गेले आणि दादाला हाक मारली. मी गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होतो, मला दोघंही दिसत होते. आण्णा दादापुढं उभे राहिले. म्हणाले, “तुझ्याकडलं पाच रुपये दे मला. उसनं.” दादा काही बोलला नाही. आत गेला, कोनाड्यातलं भूगोलाचं पुस्तक काढलं, त्यात ठेवलेली नोट आणली आणि आण्णांच्या हातात दिली. देताना त्यानं दोन्ही हात पुढं केले, मोठ्या माणसाला काही देताना करतात तसे. आण्णांनी नोट सदऱ्याच्या खिशात घातली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग दोघं आत गेले.

आत्तीनं ओवाळलं. आण्णांनी ताटात पाच रुपये टाकले. आत्तीनं ती नोट बघितली, उचलली, पदराच्या गाठीला बांधली. ती मोडून आम्हा तिघांना वाटावी असं तिच्या मनात आलं असणार, कारण दरवर्षी ती तसंच करायची. त्या वर्षी तिनं तसं केलं नाही. भावाची ओवाळणी भावापुढं वाटून टाकली असती तर ती त्याला दया वाटली असती. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. जाताना आईनं सरव्याच्या तेलातली बाटलीभर तिच्या पिशवीत घातली.

सुट्टी संपली. शेवटच्या रविवारी आम्ही कंदिलापुढं बसून शुद्धलेखन लिहिलं. आण्णा शेजारी बसून पानं मोजत होते. शाळा सुरू झाली आणि आम्ही दिवसभर घरात नसायचो. पौष निघता निघता गाळ्यातल्या एकाचं पत्र आलं. काही गिरण्यांत थोडे थोडे साचे सुरू झाले होते. पण ज्याचं नाव कमी झालं त्याला परत घेत नव्हते. तरी येऊन बघ, दुसरं काहीतरी मिळेल, असं लिहिलं होतं. आण्णांनी माळ्यावरची ट्रंक काढली. मिलमध्ये त्यांना घेतलं नाही. गोदीजवळ एका गोदामात गोण्या शिवायचं काम मिळालं. संप मागं घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो हळूहळू विरत गेला आणि त्याच्याबरोबर आमच्या भागातली पुष्कळ घरंही. आमचं तगलं ते आईच्या मुरमाच्या पाट्यांवर आणि आण्णांच्या गोण्यांवर.

मार्चमध्ये पोस्टमनची घंटी आमच्या दारात वाजली. पंचेचाळीस रुपयांची मनीऑर्डर होती. आईला लिहिता येत नव्हतं, तिनं अंगठा केला. मनीऑर्डरच्या फॉर्मला तेव्हा खाली एक चिटोरा असायचा, त्यावर पाठवणारानं दोन ओळी लिहायच्या. तो फाडून पोस्टमननं दादाच्या हातात दिला. आण्णांचं अक्षर मोठं आणि तिरकं. खुशाली लिहिली होती, आजीच्या डोळ्यांचं विचारलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं: चाळीस घरात. पाच थोरल्याचे, दिवाळीत घेतले होते ते.

दादानं वाचून दाखवलं. आईनं पंचेचाळीसातनं पाचची नोट वेगळी केली आणि त्याच्यापुढं धरली. दादा म्हणाला, “ऱ्हाऊ दे आई. घरात घाल.” आई म्हणाली, “तसं न्हाई. घे. त्येनी दिल्यात.” दादानं ती घेतली आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवली.